नवरीची खुर्ची पुढच्या दाराने

सूनबाई,

त्या हॉलवाल्याच्या जिभेला हाड नाही. काल मला म्हणतो कसा, "आजी, नवरीची चाकाची खुर्ची मागच्या दाराने आणा, म्हणजे चारचौघांत दिसणार नाही." मेल्या, त्या दाराने कचऱ्याचे डबे नेतात! पुढच्या पायऱ्यांवर उतरत्या फळ्या ठोकायला मी सुताराला घेऊन निघाले आहे. तू तिच्या झग्याचा घेर शिंप्याकडून आखूड करून आण. लोळता घेर चाकात अडकतो, फॅशन गेली उडत. पोरीने विचारलं तर मी भाजीला गेले म्हण. तिच्या कानावर यातलं काही जायला नको. हॉलवाल्याला मी तिथेच सुनावलं, "माझी नात काय चोरीचा माल आहे लपवायला? ती पुढूनच येईल, आणि दार तू उघडशील!"