स्मरणपत्रांची पोच मिळणेबाबत

शिवांगी प्रल्हाद वरुडकर
एडिसन, न्यू जर्सी
दिनांक : २२ एप्रिल २०२५

प्रति,
मा. संचालक, प्रवेश विभाग,
फिजिकल थेरपी डॉक्टरेट अभ्यासक्रम,
हार्लो रिज विद्यापीठ, न्यू जर्सी.

विषय : कै. प्रल्हाद वरुडकर यांनी आपल्या कार्यालयास पाठवलेल्या सहा पत्रांची पोच मिळणेबाबत, व त्या पत्रांमुळे माझ्या अर्जावर आलेल्या स्थगितीबाबत.

संदर्भ : आपले दि. ७ एप्रिलचे ई-पत्र, 'अर्जदाराच्या वतीने त्रयस्थ व्यक्तीने साधलेला संपर्क'.

महोदय,

आपल्या पत्राखाली कोणा व्यक्तीचे नाव नाही, 'प्रवेश समिती' एवढेच आहे. त्यामुळे संबोधनात चूक होत असल्यास क्षमा असावी.

हा अर्ज मराठीत का, याचा खुलासा आधी करते. माझ्या वडिलांची पत्रे वाचण्यासाठी विद्यापीठाने मराठी जाणणाऱ्या अनुवादकाची नेमणूक केली असून या प्रकरणातील सर्व कागद त्यांच्यामार्फतच समितीपुढे जातील, असे आपण कळवले आहे. गेल्या ऑक्टोबरपासून मी आपल्याला जे इंग्रजीत लिहिले, त्याला दर वेळी यंत्राचे उत्तर आले. वडिलांनी मराठीत लिहिले, ते माणसाने वाचले. मलाही एकदा माणसाने वाचावे, अशी इच्छा आहे. अनुवादकांना विनंती, की वाक्ये सौम्य करू नयेत.

१. मी आठ वर्षे पिस्कॅटवे येथील एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. माझे वडील निवृत्तीनंतर माझ्याकडे राहत असत. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात व उजवा पाय गेला. बोलणे काही आठवड्यांनी परत आले. इंग्रजी मात्र मागे राहिले. व्यायाम करून घेण्यासाठी नीना नावाच्या थेरपिस्ट घरी येत. त्या गेल्यावर तेच व्यायाम मी करून घेत असे. एका माणसाचा अंगठा पुन्हा तर्जनीला टेकताना पाहिल्यावर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत राहणे मला जमेना. नोकरी सांभाळून कम्युनिटी कॉलेजात शरीररचना आणि भौतिकशास्त्र शिकले व आपल्याकडे अर्ज केला. जानेवारीत मुलाखत झाली. फेब्रुवारीत माझे नाव प्रतीक्षा यादीत असल्याचे कळले.

२. वडिलांनी पत्रे का लिहिली, हे आपण विचारले आहे. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण वैद्यकीय आहे. हाताच्या व्यायामासाठी नीनांनी त्यांना रेघा, गोल आणि एबीसीडी गिरवायला दिली होती. वडील दोन ओळींत कंटाळत. तेव्हा नीना त्यांना त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "काका, ये छोडो. जिसका टेन्शन है, वो लिखो." वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग हिचा अर्जच घेतो हाती."

दुसरे कारण त्यांच्या नोकरीचे आहे. ते अमरावतीला पाटबंधारे खात्यात कार्यालय अधीक्षक होते. त्यांच्या कार्यालयाची रीत अशी, की आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक पडायचा आणि आणून देणाऱ्याला पोच मिळायची. उत्तरास विलंब झाला, तर अर्जदाराने स्मरणपत्र पाठवायचे. तरीही विलंब झाला, तर दुसरे. ज्याचे स्मरणपत्र येत नाही त्याची गरज संपली, असे कार्यालय धरून चाले आणि त्याचा कागद खाली जाई. यात उर्मटपणा कोणालाच वाटत नसे. उलट, स्मरणपत्र न पाठवणारा माणूस कार्यालयाला गृहीत धरतो, असे वडिलांचे मत होते.

माझा अर्ज आपल्या संकेतस्थळावर 'अंडर रिव्ह्यू' असा दिसतो, हे मी त्यांना दाखवले. ते म्हणाले, "ते ठीक हाय. पण कोणाच्या टेबलावर हाय?" मला सांगता आले नाही. महोदय, ते मला आजही सांगता येत नाही.

३. पत्रे मराठीत होती, कारण इंग्रजी त्यांच्या हातात अजून परतले नव्हते. आपल्याकडे ती कोण वाचणार, असे मी विचारले होते. त्यावर ते म्हणाले, "इथं दुकानात आपलं माणूस भेटते, बँकेत भेटते, दवाखान्यात भेटते. तिथंच काऊन नाही भेटणार?" एडिसनमध्ये राहणाऱ्या माणसाने असे समजावे, यात मला वेडेपणा दिसत नाही. शिवाय अखेर माणूस भेटलेच, जरी आपल्याला ते चौकशीसाठी नेमावे लागले.

४. प्रत्येक पत्राच्या वर उजव्या कोपऱ्यात लाल शाईने 'तातडीचे' असे लिहिले आहे आणि विषयाखाली लाल रेघ आहे. आपल्या सुरक्षा विभागाने याची विशेष नोंद घेतली आहे. खुलासा असा, की त्यांच्या कार्यालयात असा शेरा लाल शाईने लिहायची व विषयाखाली लाल रेघ ओढायची पद्धत आहे. वडिलांनी ती आयुष्यभर ओढली. लाल रंगातून या देशात काय सुचवले जाते, हे त्यांना माहीत नव्हते. मला माहीत होते, पण ती रेघ सरळ आली की ते कागद वर धरून मला दाखवत. त्यामुळे लाल पेन काढून घ्यावे, असे मला कधी वाटले नाही.

५. आता मजकुराबद्दल. आपल्या पत्रात 'समितीवर दबाव' असा शब्दप्रयोग आहे. अनुवाद आपल्यापुढे असेलच, तरी चौथ्या पत्रातील मुख्य परिच्छेद जसाच्या तसा देते :

"सदर अर्जदार ही माझी मुलगी असल्याने तिच्या पात्रतेविषयी मी काही लिहिणे उचित होणार नाही व तशी माझी विनंतीही नाही. निर्णय काय घ्यावा हा सर्वस्वी आपला अधिकार आहे. केवळ अर्जाची सद्यःस्थिती कळवावी व या पत्राची पोच द्यावी."

सहाही पत्रांत याहून अधिक मागितलेले नाही. माझी स्तुती कुठेही नाही. त्याबद्दल मी एकदा तक्रारही केली होती, की निदान मी अभ्यास करते एवढे तरी लिहा. ते म्हणाले, "ते तू लिव. मी वशिला लावत नसतो." ज्या माणसाने स्वतःच्या मुलीसाठी एक विशेषण खर्च केले नाही, त्याची पत्रे आज दबाव या सदरात मोडतात.

६. वडील दि. २९ मार्च रोजी न्यूमोनियाने गेले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आपल्या सुरक्षा विभागाचे दोन अधिकारी माझ्या घरी आले. ते सभ्य होते. प्रल्हाद वरुडकर इथे राहतात का, असे त्यांनी विचारले. आता राहत नाहीत, असे मी सांगितले. सध्याचा पत्ता काय, असे विचारले. मी दारातून बाजूला झाले. घरात शस्त्र आहे का, हेही विचारावे लागते, असे त्यातील तरुण अधिकारी म्हणाला. तेवढ्यात दुसऱ्याचे लक्ष भिंतीला टेकवलेल्या वॉकरकडे गेले व शेजारच्या, हार घातलेल्या फोटोकडे गेले. दोघांनीही टोप्या काढल्या. जाताना त्यांनी दार हळू लावले. एवढ्यावर प्रकरण मिटेल, असे मला वाटले होते.

त्यानंतर आपले संदर्भित पत्र आले. प्रतीक्षा यादीतील माझ्या नावाला स्थगिती दिली असून ३० एप्रिलपूर्वी सोबतचे निवेदन सही करून द्यावे, अन्यथा नाव वगळण्यात येईल, असे त्यात म्हटले आहे. निवेदनात दोन चौकटी आहेत. पहिली : सदर पत्रे आजारामुळे निर्णयक्षमता बाधित झालेल्या व्यक्तीने माझ्या नकळत पाठवली. दुसरी : सदर पत्रे निर्णयावर प्रभाव पाडण्याच्या हेतूने, माझ्या संमतीने पाठवली गेली. पहिल्या चौकटीत खूण केल्यास स्थगिती उठेल. दुसरीत केल्यास अर्ज रद्द होईल. तिसरी चौकट नाही.

माझी मैत्रीण प्रीता दुसऱ्या राज्यात, नोव्हायला असते. ती फोनवर म्हणाली, "यार शिवांगी, पहिल्यावर टिक कर आणि सबमिट करून टाक. काकांना आता काय फरक पडतो? ते असते तर त्यांनीच तुला साइन करायला लावलं असतं." हे खरे असावे. ते असते, तर माझ्या प्रवेशासाठी स्वतःला निर्बुद्ध ठरवणाऱ्या कागदावर त्यांनी नव्या अक्षरात सही केली असती आणि वर विषयाखाली लाल रेघही ओढली असती. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मी ती करत नाही.

शिवाय ते खोटे आहे. पत्रे माझ्या नकळत गेलेली नाहीत. तिकिटे मी लावली. आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालणे हा त्यांच्या पायाचा व्यायाम होता. पत्र ते स्वतःच्या उजव्या हाताने पेटीत टाकत, मी कोपर धरत असे. परत येताना वाटेत एकदा थांबावे लागे. जानेवारीनंतर थांबावे लागले नाही.

७. महोदय, आपल्या अर्जात निबंधासाठी एक प्रश्न होता : 'हरवलेली हालचाल परत येताना आपण पाहिली असल्यास तिचे वर्णन करा.' मी शब्दमर्यादेत राहून वर्णन केले. अर्जासाठी थेरपिस्टसोबत काढाव्या लागणाऱ्या निरीक्षणाच्या तासांत मात्र वडिलांसोबतचे तास धरता येणार नाहीत, असे आपण कळवले, कारण रुग्ण नातेवाईक होता व त्याची पडताळणी शक्य नाही.

त्याच सुमारास ती पडताळणी टपालाने आपल्याकडे येत होती. ही सहा पत्रे टेबलावर एका रांगेत मांडावीत, एवढे मी सुचवते. त्यासाठी मराठी येण्याची गरज नाही. देवनागरी शब्दाच्या डोक्यावर एक आडवी रेघ असते, तिला शिरोरेषा म्हणतात. पहिल्या पत्रात ती नाहीच. 'प्रति' या एका शब्दाने अर्धी ओळ व्यापली आहे आणि मजकूर उतारावरून घसरल्यासारखा खाली गेला आहे. तिसऱ्या पत्रात शिरोरेषा आहे, पण तुटक. पाचव्यात ती पूर्ण शब्दभर जाते. सहाव्यात शेवटची सही पाहावी. तिच्या खाली उलटी फिरून येणारी एक वळणदार रेघ आहे. ती त्यांच्या निवृत्तीच्या दिवसापर्यंतच्या प्रत्येक कागदावर असायची. ती परत आली, त्या दिवशी नीना खुर्चीवरून उठल्या होत्या.

आपल्या विषयातील एवढा स्पष्ट पुरावा आपल्या कार्यालयात फिजिकल थेरपीच्या टेबलावरून सुरक्षा विभागाच्या टेबलावर गेला. मधे कोणी थांबून पाहिले नाही. ज्यांच्याकडून मला हे पाहायला शिकायचे होते, त्यांच्याबद्दल हे लिहावे लागते.

८. शेवटच्या आठवड्यात रुग्णालयात वडिलांना बोलायला त्रास होई. मी खोलीत आले, की ते मास्क थोडा सरकवत आणि विचारत, "पोच आली काय वं?" मी दर वेळी नाही म्हणाले. सहज हो म्हणता आले असते. पण ते नंबर विचारतील, हे मला ठाऊक होते.

आपल्याकडून पोच मिळत नाही असेही नाही. आपल्या सूचनेनुसार मी त्यांचा मृत्यूचा दाखला संकेतस्थळावर चढवला. त्याच क्षणी हिरवी खूण उमटली आणि 'आपले कागदपत्र मिळाले, धन्यवाद' असा संदेश आला. त्यांच्या नावाचा आपण स्वीकारल्याचे मान्य केलेला हा एकमेव कागद आहे.

तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

सहाही पत्रांवर आवक क्रमांक व मिळाल्याची तारीख घालून त्यांची पोच श्री. प्रल्हाद वरुडकर यांच्या नावे टपालाने पाठवावी. ई-पत्र नको. ती पत्रे सुरक्षा विभागाकडून परत घेऊन माझ्या अर्जासोबत ठेवावीत, आणि अर्जाचा निर्णय त्यांच्यासह घ्यावा. निवेदन सही न करता परत पाठवत आहे. दोन्ही चौकटी रिकाम्या आहेत. त्याखाली मी हाताने तिसरी काढली असून तीत 'पत्रे माझ्या वडिलांनी पूर्ण शुद्धीत, माझ्या माहितीने व रीतीप्रमाणे पाठवली' असे लिहून खूण केली आहे. आपल्या नियमात ती बसत नसेल, तर माझे नाव वगळावे. मात्र तसे वगळल्याचे लेखी कळवावे आणि खाली ते कळवणाऱ्या व्यक्तीचे नाव असावे.

हे पत्र मागील सहा पत्रांच्या क्रमाने सातवे स्मरणपत्र म्हणून नोंदवावे.

पोच येईपर्यंत आपली नम्र,

(सही)
शिवांगी प्रल्हाद वरुडकर

सोबत :
१. निवेदन, सही न केलेले, एक चौकट वाढवून.
२. वडिलांच्या सहा पत्रांच्या छायाप्रती, एका रांगेत मांडण्यासाठी.
३. पोच पाठवण्यासाठी तिकीट लावलेले पाकीट. वडिलांनी सातव्या पत्रासोबत पाठवायला ते तयार करून ठेवले होते. त्यावरचा आमच्या घरचा पत्ता त्यांनी लिहिलेला आहे, इंग्रजीत.