सगळ्या चाळीचा एक नंबर

मंगळवार, घाटकोपर

आज लिहायला उशीर झाला, माफी असावी. लिहिता लिहिता सारखा फोन बघतोय.

नव्या सॉफ्टवेअरसाठी सूनबाईने आमच्या ऑक्सिजनच्या दुकानाची गिऱ्हाइकांची यादी साफ केली. एकच फोन नंबर दिसला की पहिलं नाव ठेवलं, बाकीची पुसली. आणि टेकडीवरच्या अख्ख्या चाळीने, तिथे फोन असलेल्या एकट्या मोरेवहिनींचाच नंबर दिलेला.

"बाबा, मला वाटलं एकच गिऱ्हाईक परत परत लिहिलंय."

तिला तरी काय बोलणार? पण त्या चाळीतल्या आजारी गणपतचं नाव गेलं, म्हणून आज त्याचा ऑक्सिजनचा सिलिंडर गेलाच नाही. एवढ्या घरांना एकच नंबर, आणि तोही बंद लागतोय. कळल्यावर दुकानातला सुनील सिलिंडर घेऊन टेकडीवर गेलाय, त्याचाही फोन आलेला नाही.

सुनील, गणपतचा श्वास चालू आहे ना? एवढंच कळव रे, लवकर.