दोनदा घेतलेलं माप

३ मार्च

बाबा शिंपी. दिवसभर सुया टोचतात, पण इंजेक्शन दिसलं की तोंड पांढरंफटक! त्यांच्या ॲटॅकला वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं एक प्रोटीन तपासून घ्या. हृदयावर ताण असला की ते वाढतं. पुढची वर्षं कशी जातील त्याचा अंदाज येतो म्हणे.

"मी लोकांची मापं घेतो तेवढं पुरे," बाबा म्हणाले. "माझं कुणी घेऊ नका."

५ मार्च

बाबा पळून जाऊ नयेत म्हणून आईने मला सोबत धाडलं. लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दुसऱ्यावर मीच धापा टाकत बसलो. बाबा वरून म्हणतात, "ॲटॅक नक्की कुणाला आला होता रे?"

आत सुई बघून बाबा दाराकडे सरकले. माझ्याकडे असे बघायला लागले, की मीच शर्टाची बाही वर केली. रक्त काढणारी बाई मान वर करेल तर शपथ! बाटलीवर बाबांचा नंबर टाकून मोकळी.

माझं कोवळं रक्त. रिपोर्ट झकास येणार. आईला दाखवायला बाबांनी दंडावर कापूसही चिकटवला. नाटकी माणूस.

७ मार्च

रिपोर्ट आला. आकडा हवा त्याच्या दहापट! आईने मिठाची बरणी लपवली आणि बाबांना गादीवरून उठू देईना. मला हसू आवरेना. लॅबवाल्यांनी कुणा म्हाताऱ्याची बाटली उचलली असणार. बाबांना डोळा मारला.

बाबा हसले नाहीत. "परवा जिन्यात किती वेळ बसला होतास?" एवढंच विचारलं.

८ मार्च

सकाळी बाबा गायब. आईचा नुसता आरडाओरडा. दहाला परत आले, दंडावर कापूस. या वेळी खरा, लाल डाग पडलेला.

"एकटे गेलात? सुईला?"

"लॅब चुकते का बघायला नको? एका मापावर मी कापड कापत नाही."

रात्री मी तीन उशा घेतल्या. आडवं झालं की खोकला येतो. असेल सर्दी.

९ मार्च

बाबांचा आकडा एकदम चांगला आला. लॅब चुकत नाही.

त्यांनी आईला सगळं सांगितलं. तिने मिठाची बरणी आता माझ्यापासून लपवली. उद्या डॉक्टरकडे जायचंय, माझ्यासाठी.

मघाशी बाबांनी टेप काढून माझ्या छातीचं माप घेतलं. नवा शर्ट शिवतो म्हणाले. मग परत घेतलं.