बाल्कनीतली कलेजी

सेमेय, जानेवारी अखेर

प्रिय झान्साया, माझ्या उंटाच्या पिला,

काल तुझा फोन मुद्दामच उचलला नाही. रागावू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी तर माझं वाक्य माझं मलाच पुरं करता येत नाहीये. खालच्या मजल्यावरची दारीगा उद्याच्या गाडीनं अल्माटीला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. सोबत घोड्याच्या मांसाचा सॉसेज, काझी, पाठवलाय. तो आधी फ्रीजमध्ये टाक, मग वाच.

परवा तुझ्या एल्दोसकडची मंडळी सोयरीक पक्की करायला येऊन गेली. राउशान विहीणबाई (अजून विहीण म्हणावं की नाही, इथूनच माझा घोळ सुरू होतो) अक्रोड घेऊन आल्या होत्या. तुझे साबित काका मानाच्या जागी बसले आणि तुझ्या बाबांची आठवण काढता काढता आपल्याच लष्करातल्या गोष्टींवर घसरले. एल्दोसनं कुणी न सांगता स्वयंपाकघरातला गळका नळ नीट केला. मला पोरगा आवडला, हे आधीच सांगून ठेवते. मग तो खिडकीशी उभा राहिला आणि उजेड त्याच्या डोळ्यांवर पडला. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग पिवळा होता. जन्मभर सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या यकृतांचे काप पाहिले की जिवंत माणसाचे डोळेही नजरेतून सुटत नाहीत. चहाचा सामोवार उचलायच्या निमित्तानं मी त्याला आत बोलावलं.

त्यानं काही लपवलं नाही. शरद ऋतूत त्याच्या फुफ्फुसात क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. आता थुंकीत जंतू नाहीत, त्याच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नाही. पण गोळ्या यकृताला बाधल्या. त्यातली एक गोळी काही शरीरांत झटपट मोडून बाहेर पडते, तर काहींत रेंगाळते, आणि मोडताना तिचे जे तुकडे होतात ते गोळीपेक्षाही विषारी असतात. कुणाचं यकृत कसं, ते जन्मापासून ठरलेलं असतं. तोंडावर काही लिहिलेलं नसतं. त्यात त्याच्या आईनं छातीला बरं म्हणून रोज वाडगा भरून आंबवलेलं घोडीचं दूध पाजलं. आपल्याकडे कुठली आई पाजणार नाही? मीही पाजलं असतं. पण त्यात थोडी का होईना दारू असते, आणि तिचा निचराही त्याच यकृताला करावा लागतो. डॉक्टरांनी तूर्त गोळ्या थांबवल्यात. आता कावीळ उतरते आहे म्हणतात. उतरली की गोळ्या बदलून पुन्हा सुरू करणार.

झान्सायाला का सांगितलं नाहीस, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. तो नळाकडे बघत म्हणाला, “मी सांगितलं तर ती दयेपोटी हो म्हणेल, आपाय. तुम्ही सांगा. तुमच्याकडून कळलं तर तिला नाही म्हणता येईल.”

आता सांग, अशा माणसावर चिडायचं की त्याला जवळ घ्यायचं? मी दोन्ही केलं नाही. त्याच्या हातात सामोवार दिला.

तेव्हापासून माझ्या डोक्याचं भरीत झालंय. दरवर्षी मी पोरांना शिकवते की ऊती मरतात त्याही नाना तऱ्हांनी. हृदयाची मेली तरी आपला आकार धरून राहते, मेंदूची वितळून जाते, आणि क्षयातली फुफ्फुसाची इरिमशिकसारखी, घरच्या चीजसारखी भुसभुशीत होते. परवापासून इरिमशिक घशाखाली उतरत नाही, काय करू? पण इजा झालेली प्रत्येक पेशी मरतेच असं नाही. सुजते, गुदमरते, आणि त्रास वेळेवर थांबला तर पूर्वपदावर येते. एका हद्दीपलीकडे गेली की संपलं. ती हद्द कुठे असते, असं पोरं विचारतात. खरं उत्तर असं की ओलांडून झाल्यावरच ती आम्हाला दिसते. यकृत मोठं सोशिक असतं, त्याचं बहुधा बरं होईल, असं माझ्यातली शिक्षिका सांगते. माझ्यातली आई ऐकत नाही. तिला तू एखाद्या ठणठणीत, स्वच्छ डोळ्यांच्या मुलाच्या घरी जायला हवी आहेस. आणि मग तो नीट केलेला नळ दिसला की तिचीच तिला लाज वाटते.

तर परवा आम्ही सामोवार घेऊन बाहेर आलो, एवढ्यात ताटली आली. मेंढीची कलेजी आणि शेपटीची चरबी, मीच सकाळी शिजवलेली. विहिणींनी एकमेकींना ती भरवली की शब्द दिला गेला, मग माघार नाही. राउशान विहीणबाईंनी घास माझ्या तोंडापुढे धरला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझं तोंड काही उघडेना. शेवटी मी म्हणाले, दाढ दुखतेय. अगं, थोड्या वेळापूर्वी त्याच दाढेनं मी सगळ्यांसमोर अक्रोड फोडला होता. साबित काका खेकसले, “दुखतेय तर गिळून टाक की!” दारात उभ्या एल्दोसनं मान खाली घातली. विहीणबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग घास परत ताटलीत ठेवला, वर रुमाल झाकला आणि अगदी हळू म्हणाल्या, “थंडी अजून पुष्कळ आहे. बाल्कनीत ठेवा.”

म्हणून हे पत्र. ताटली बाल्कनीत आहे, दगडासारखी गोठली आहे, आणि मार्चमधल्या नौरूझ सणापर्यंत तिला काही होणार नाही. तोवर एल्दोसला फोन कर, भेट, भांड, हवं ते विचार. मला मात्र विचारू नकोस, माझं मत सकाळी एक असतं आणि जेवण झाल्यावर दुसरं. तू हो म्हणालीस तर ती कलेजी गरम करीन आणि विहीणबाईंच्या हातून खाईन. नाही म्हणालीस तर साबित काकांना सांगेन, दाढ काढावी लागली.

तुझीच, आणि सध्या कुठल्याच बाजूची नसलेली,
आई