लेसरच्या नळीपाशी उभ्या राहिलेल्या मैनाबाईंना दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
ज्ञानसंवर्धिनी विज्ञान महाविद्यालय,
मूर्तिजापूर, जि. अकोला.

विषय : सफाई कर्मचारी श्रीमती मैनाबाई वानखडे यांना दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : कार्यालयाची दि. ११ सप्टेंबर २०२४ ची नोटीस.

महोदय,

अर्जदार तारा श्रीधर पुराणिक ही भौतिकशास्त्राची अध्यापिका आहे. प्रा. उद्धव जोशी निवृत्त होऊन मुलाकडे गेल्यापासून विभागात ती एकटीच आहे. यंदा पदवीला एकाही विद्यार्थ्याने हा विषय घेतला नाही. तरी अर्जदार वेळेवर येते, प्रयोगशाळा उघडते, फळ्यावर तारीख घालते.

विभागातील जुना हीलियम-निऑन लेसर 'नळीत हवा शिरली, दुरुस्ती अशक्य' असा शेरा मारून भंगारात काढण्याचे ठरले. अर्जदाराला तो शेरा पटला नाही. हवा शिरली असती तर नळीतला उजेड फिकट जांभळा पडला असता. तो अजून केशरी आहे. हवा लागताच पांढरा पडणारा आतला चंदेरी डागही अजून तसाच आहे. उजेड लुकलुकत होता, तो वीजपुरवठ्यातला रोधक (रेझिस्टर) बदलल्यावर थांबला. तरीही किरण बाहेर पडेना, म्हणजे नळीच्या टोकाचा आरसा किंचित कलला असावा.

तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून काम करताना खोलीत दुसरे माणूस हवे, असा प्रयोगशाळेचा नियम आहे. अर्जदाराने माणूस मागितला. कार्यालयाने विद्यार्थीसंख्या विचारली. पुन्हा मागितला, तेव्हा 'दुसऱ्या व्यक्तीचे नाव आपणच कळवावे' असे उत्तर आले. तो कागद पुढ्यात घेऊन अर्जदार बराच वेळ बसली. तिला एकही नाव सुचले नाही.

शेवटी तिने व्हरांडा झाडणाऱ्या मैनाबाईंना हाक मारली. "मले यातलं काई समजत नाई, बाई," त्या म्हणाल्या. बटणापाशी उभे राहा, बरेवाईट झाले तर ते बंद करा, एवढेच अर्जदाराने सांगितले आणि लाकडी काडीने आरशाची कड हलकेच दाबली.

"बाई, भितीवर लाल ठिपका दिसून राहिला!" मैनाबाई ओरडल्या. काडी सोडताच तो गेला. मग आरसा ठिकाणावर येईपर्यंत त्या सांगत राहिल्या, आला, गेला, आला. ठिपका स्थिरावल्यावर दोघी खाली बसल्या. मैनाबाईंनी डबा उघडून अर्धी भाकर अर्जदाराच्या हातावर ठेवली. "तुमी रोज एकट्याच काहून जेवता?" त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी कामाची जागा सोडल्याबद्दल मैनाबाईंना नोटीस मिळाली, आणि वरच्या मजल्यावर पाऊल ठेवू नये अशी ताकीदही. त्यांना बोलावले अर्जदाराने, तेव्हा विचारायचे ते तिलाच विचारावे. लेसर आता चालतो. तो तरीही भंगारात द्यायचा असल्यास खुशाल न्यावा, अर्जदार हरकत घेणार नाही. नोटीस मात्र मागे घ्यावी, आणि मैनाबाईंना दुपारच्या सुट्टीत विभागात येऊ द्यावे. परवानगीत कारण नमूद करणे आवश्यक असल्यास 'जेवण' असे लिहावे, ही विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
तारा श्रीधर पुराणिक
भौतिकशास्त्र विभाग
दि. १३ सप्टेंबर २०२४