अबेनाच्या आजोबांनी विणलेलं कापड

प्रिय अबेना,

आज तुझ्या कॉलेजातले सर घरी आले होते. म्हणाले, "मावशी, अबेनाचं ते घानाचं कापड द्या. काचेच्या पेटीत लावू, खाली तिचं नाव लिहू." माझं डोकं असं भणभणलं, की ते जाताच तुला लिहायला बसले.

हेच ते सर ना गं? गॅदरिंगला तुला पानांचा घागरा घालून नाच म्हणणारे? तू आजोबांनी विणलेलं कापड नेसलीस. चार बोटं रुंद पट्ट्या एकीला एक जोडलेल्या, पिवळ्या, हिरव्या, लाल. आमच्याकडं भाड्यानं घेतलेल्या वरच्या खोलीतून तू जिना उतरलीस आणि मी बघतच राहिले! कॉलेजात सरांनी नाक मुरडलं, "हे तर आपल्या हिमरू शालीसारखं दिसतंय. आफ्रिकन वाटत नाही."

तू म्हणालीस, "सर, आमच्याकडं पानं शेळ्या खातात. माणसं कापड विणतात."

तुझं नाव कार्यक्रमातून काढलं. तू मला हे हसत सांगितलंस. हसायचं कशाला? भांडायचं होतंस! मुकुंदवाडीत पोरं "ए हबशी" ओरडली, तेव्हाही हसलीस. "मावशी, तुमचं शहर चारशे वर्षांमागं आफ्रिकेतून आलेल्या हबशानंच वसवलं ना?" व्हय बाई, त्यानंच. पण इथं ते कुणाला आठवतं?

मग जालना रोडवर ट्रकनं तुझी स्कूटी उडवली. तू जागीच गेलीस. तुला मायदेशी पाठवायची सगळ्यांना घाई. मी कापड घेऊन दवाखान्यात पळाले, तर दारात सर. "असलं भडक बरं दिसत नाही, मावशी." पांढऱ्या चादरीत गुंडाळून तुझी पेटी बंद केली.

व्हिडिओ कॉलवर तुझी आई काहीतरी विचारत होती. मला इंग्रजी येत नाय, पण 'क्लॉथ' एवढं कळलं. मी मान हलवली, नाही. तिनं फोन तुझ्या बहिणीच्या हातात दिला. आईला असं उत्तर द्यायची वेळ माझ्यावर का आली गं?

आज मी सरांना विचारलं, "तिच्या अंगावर भडक होतं, मग काचेत कसं शोभंल?" ते उठले, चपला घालून निघाले.

दिवाळीनंतर तुझी बहीण येतीय. कापड तिच्याच हातात देईन. तुला चादरीत कुणी पाठवलं, तेही सांगेन, सरांच्या नावासकट. तिला माफ करायचं तर करू दे. मी करणार नाय.

तुझी गारखेड्याची,
सुमनमावशी