जंबेरीचे तीन धुमारे

आप्पा, तुम्ही लावलेलं मोसंबीचं झाड वाळलं. दोन उन्हाळे टँकरच्या पाण्यावर त्यानं कसेबसे काढले, मग शेंड्याकडून खाली वाळत आलं. एकच फांदी हिरवी राहिली. पण बुंध्याशी, तुमच्या कलमाच्या जोडाखालून, जंबेरीनं धुमारे फेकले; काटेरी, जोरदार. मुलगा म्हणाला, "आई, उपटून टाकू. गाडी तरी आत लागंल." मी म्हटलं, "गाडी रस्त्यावर लाव." जंबेरी म्हणजे खालचा खुंट, रानटी लिंबू. तिच्या फळाला कोणी विचारत नाही, पण मोसंबी तिच्याच मुळांवर जगते. हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

आई गेल्यावर तिच्या जागी कलमांना पट्टी बांधायला मी यायला लागले. फुलंब्रीजवळची ती रोपवाटिका, थंडीचे दिवस. तुम्ही वाफ्यात उकिडवे बसून पुढं सरकता, पेन्सिलीएवढ्या खुंटाच्या सालीला चीर देता, तिच्यात मोसंबीच्या फांदीवरून काढलेला डोळा सरकवता, आणि मागून मी प्लास्टिकची पट्टी गुंडाळत येते. "आवळून बांध, पण गळा दाबू नको," तुम्ही मागं न बघता म्हणता. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा दिसला की कलम लागलं, काळा पडला की गेलं. मी बांधलेलं क्वचितच जायचं. मालक म्हणायचा, "आप्पा, तुम्ही नुसतं कापता, जगवती तर लेक." तुम्ही हसायचात. ते हसणं मी सासरी सोबत नेलं होतं.

माझ्या सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. मुलाला घेऊन मी तुमच्याकडं आले, तेव्हा हंगाम चालू होता. घरात बसवेना म्हणून वाफ्यात गेले, पट्ट्या हातात घेतल्या. देवगाव रंगारीचा एक बागाईतदार रोपं बघायला आलेला. त्यानं तुम्हाला बाजूला घेतलं, पण आवाज काही खाली घेतला नाही. "आप्पा, पोरगी बांधायली व्हय? रंडकी बाई बांधती ते कलम लागत नाय म्हणत्यात. माझी बाग नवी हाय, उगं कशाला?" तुम्ही त्याला म्हणाल, तिच्या हातचं एक तरी गेलेलं दाखव, म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही माझ्यापाशी आलात, पट्ट्या काढून घेतल्या. "तुझा हात थरथरायलाय, बाई. पट्टी सैल पडती. घरी जा, दोन भाकरी टाक." माझा हात थरथरत नव्हता. तुम्हाला ते माहीत होतं. तो माणूस बोलला तेच तुम्ही बोलला असतात, तर मी भांडले असते. तुम्ही खोटं बोललात, तेही मायेनं, आणि मला भांडायलाही जागा ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी भावजय बसली. तिच्या हातचे निम्मे डोळे काळे पडले. तुम्ही थंडीला दोष दिलात.

पुढं मी सासरच्या घरी, पुंडलिकनगरात परत आले, तेव्हा तुम्ही हे रोप घेऊन आलात, स्वतः खड्डा खणलात. "फळ गोड हाय, पोराला दे," एवढंच बोललात. त्याची पट्टी कोणी बांधली, मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

माझी शाळा चौथीत सुटली. वाचायला शिकले ती मुलाच्या पुस्तकांवर, मग वाचनालयात. कलमांची पुस्तकंही शोधून वाचली. साल कधी सुटते, डोळा कसा धरतो, सगळं लिहिलेलं आहे. बांधणाऱ्या बाईचा नवरा जिवंत असावा, असं कुठंच नाही.

या थंडीत तीन धुमारे ठेवून बाकीचे छाटले. त्या हिरव्या फांदीवर धड असे तीनच डोळे निघाले. फांदीही चालली होती. हे गेले असते तर तुमची मोसंबी संपली असती. तुम्ही गेल्यावर तुमचा चाकू भावानं ठेवून घेतला, म्हणून दाढीच्या पात्यानं चिरा दिल्या. काल पट्ट्या सोडल्या. तिन्ही डोळे हिरवे आहेत. तुम्ही चुकलात, आप्पा, हे लिहायलाच आज वही उघडली.

पण हे पत्र कुठं टाकायचं नाही, तर खरं तेच लिहिते. दोन मी बांधले. तिसरा चिरेत बसवला, हा शेवटचा, हा जायला नको, असं मनात आलं, आणि मी सुनेला हाक मारली. म्हटलं, "तू बांध गं. माझा हात थरथरायलाय." तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. हात जराही हलत नव्हता. तिनं माझ्याकडून पट्टी घेतली.